पिंपरी निगेटिव्हवर, चाकण कार्डावर

मागच्या धाग्यात चाकणच्या संग्रामदुर्गाविषयी लिहिले, तेव्हा एका वाचकाने विचारले होते: १६६० मधल्या वेढ्याची साधने सापडतात, मग किल्ल्याभोवती आज जे कारखाने उभे आहेत त्यांची साधने कोण जपतो आहे? त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा धागा आहे. तो लांबणार आहे, आणि त्यात कृष्णधवल छायाचित्रणाचे थोडे रसायनशास्त्रही येणार आहे. कंटाळा करू नका. अखेरीस ते रसायन इतिहासाच्याच कामाला येते.

प्रथम कालक्रम. पिंपरीचे औद्योगिक युग १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या स्थापनेने सुरू झाले असे मानायला हरकत नाही. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या सरकारी कारखान्यात पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन होऊ लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, त्याच दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. चाकणची कथा याच्या पुढच्या पिढीची. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगनचा २००९ चा, मर्सिडीझही त्याच वर्षी चाकणला आली. मध्ये, २००७ साली, आकुर्डीच्या कारखान्यातले वाहन-उत्पादन थांबले.

आता हाच कालक्रम छायाचित्रणाच्या अंगाने पाहा. पिंपरी-चिंचवड घडत होते तेव्हा छायाचित्र म्हणजे फिल्म, आणि बहुतेक वेळा कृष्णधवल फिल्म. चाकण घडू लागले तेव्हा फिल्म मरणपंथाला लागली होती. आकुर्डीचे यंत्र थांबले त्याच सुमारास आपल्या गावोगावच्या स्टुडिओंतल्या डार्करूमचे दिवेही मालवत होते. म्हणजे या एका पट्ट्यात औद्योगिक इतिहासाच्या दोन पिढ्या आणि छायाचित्रणाच्या दोन पद्धती जवळजवळ एकमेकींवर बसतात. पिंपरी निगेटिव्हवर आहे, चाकण मेमरी कार्डावर. या योगायोगाचे परिणाम काय, हे मला एका घरगुती प्रिंटमुळे कळले.

आमचे आजोबा भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. त्यांच्या खात्यात नवे लेथ आले तेव्हा साहेबांसह सर्वांचा एक फोटो काढला गेला. आमच्या घरी त्याची एक कॉपी होती, पिवळी पडलेली, कोपरा दुमडलेला. समोर यंत्र, त्याभोवती अकरा माणसे, मागे उघडे शटर. शटरच्या जागी पांढऱ्याफटक उजेडाचा एक चौकोन. गेल्या वर्षी प्रबंधासाठी जुनी कागदपत्रे चाळताना आजोबांच्या पेटीत बटर पेपरचे एक पाकीट मिळाले. त्यावर पेन्सिलीने ‘मे ८३’ आणि एक ऑर्डर क्रमांक. आत त्याच फोटोची निगेटिव्ह होती, ६ बाय ६ सेंटिमीटरची, १२० रोलवरची. छायाचित्रकाराने ती आजोबांना का दिली असावी कोण जाणे. बहुधा पुढे कधी कॉपी लागली तर सोय म्हणून.

येथे त्या काळच्या साहित्याविषयी दोन शब्द. परदेशी फिल्म आयात-परवान्यांच्या जाळ्यात अडकलेली असे. म्हणून स्टुडिओंची मदार पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या ओर्वो फिल्मवर आणि आपल्या ‘इंदू’वर असायची. इंदू ही उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची छाप. १९६० मध्ये स्थापन झालेली ही कंपनी फिल्म आणि कागद दोन्ही करी. रंगीत काम महाग, वर्तमानपत्रे काळ्या शाईत छापली जात, त्यामुळे कारखान्याचा फोटो कृष्णधवल असणे ही कलादृष्टी नव्हती, ती परिस्थिती होती. मुंबईचे मित्तर बेदी (१९२६–१९८५) यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी उद्योगांच्या चित्रणाला खरोखरच कलेचा दर्जा दिला. धातूची चकाकी, नळ्यांच्या रांगा आणि त्यापुढे एकटा माणूस अशी त्यांची चित्रे आजही पाहणाऱ्याला थांबवतात. परंतु भोसरीतल्या लहान कारखान्यात बेदी येत नसत. तिथे यायचा तो यशिका गळ्यात अडकवलेला, फ्लॅशची बॅटरी खांद्याला लावलेला गावातला स्टुडिओवाला.

निगेटिव्हची प्रिंट काढण्यासाठी मी चिंचवडगावातल्या अशाच एका काकांकडे गेलो. त्यांचा स्टुडिओ आता पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनवर चालतो, पण एन्लार्जर माळ्यावर झाकून ठेवलेला होता. बाथरूमच्या खिडकीला काळा कागद लावून आम्ही डार्करूम केली. एप्रिलचा महिना. डेव्हलपरचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे लागते आणि नळाचे पाणी हाताला चटका देत होते, तेव्हा ट्रे परातीत ठेवून परातीत बर्फ टाकला. काका म्हणाले, “आमच्या वेळी बर्फाच्या गाडीवाल्याचं अर्धं गिऱ्हाईक स्टुडिओवालेच असायचे.” अतिशयोक्ती असेल, पण मला ती आवडली.

पहिली प्रिंट घरच्या कॉपीसारखीच आली. शटर पांढरे. मग काकांनी निगेटिव्ह दिव्यासमोर धरली आणि शटरच्या जागी असलेल्या काळ्या डागावर बोट ठेवले. “हे काळं नुसतं काळं नाही, यात काहीतरी आहे.” दुसऱ्या वेळी त्यांनी पूर्ण कागदाला बारा सेकंद उजेड दिला, नंतर पुठ्ठ्याला एक भोक पाडून त्यातून फक्त शटरच्या भागाला आणखी चाळीस सेकंद. पुठ्ठा सारखा हलता, म्हणजे कड दिसत नाही. कागद डेव्हलपरमध्ये सोडला. लाल दिव्याखाली आधी माणसे आली, मग यंत्र, आणि अगदी शेवटी त्या पांढऱ्या चौकोनात आवाराची भिंत, भिंतीला टेकवलेल्या सायकली आणि एक फलक. अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक, कारखान्यांत असतो तसा. त्यावरचा आकडा भिंगाखाली स्वच्छ वाचता येत होता: ४.

फोटोच्या चार दिवस आधी त्या आवारात अपघात झाला होता. नव्या यंत्राच्या कौतुकाचा फोटो आणि त्याच्या पाठीमागे तो आकडा. घरी आजीला विचारले. तिने बराच वेळ प्रिंट हातात धरली आणि म्हणाली, “मग हा त्याच आठवड्यातला. शेजारच्या खोलीतले भाऊ दवाखान्यात होते. ह्यांनी घरी येऊन फोटोचं काही सांगितलंच नाही. नंतर बऱ्याच दिवसांनी कॉपी आणली.” शेजारच्या भाऊंच्या उजव्या हाताला दोन बोटे नव्हती हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. ती कोणत्या वर्षी गेली हे मात्र आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नसते.

हे शक्य झाले त्याचे कारण फिल्मच्या स्वभावात आहे. १८९० मध्ये फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड यांनी प्रकाश आणि निगेटिव्हचा काळेपणा यांचे नाते मोजून आलेखावर मांडले. दोघेही इंग्लंडातल्या विडनेस येथील अल्कली कारखान्यातले, एक रसायनज्ञ, दुसरा अभियंता. फिल्मचे शास्त्र मुळात कारखान्यातल्याच माणसांनी रचले, हे आपल्या विषयाला शोभणारे आहे! त्यांचा आलेख सरळ रेषेचा नाही. खाली पायथ्याशी तो सावकाश चढतो, मध्ये सरळ जातो आणि वर पुन्हा वाकतो. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे असंख्य कण असतात. प्रकाश वाढत जातो तसे प्रकाश न लागलेले कण कमी उरतात, म्हणून काळेपणा वाढण्याची गती मंदावते. पण बराच काळ ती पूर्ण थांबत नाही. त्या मंदावलेल्या भागात, वरच्या वाकणात, आमची भिंत आणि फलक दबून बसले होते. कागदाची झेप निगेटिव्हपेक्षा तोकडी असते. त्यामुळे साध्या प्रिंटमध्ये ते उतरले नाहीत, आणि चाळीस वर्षे कोणालाही ते दिसले नाहीत.

डिजिटल संवेदकाची रीत निराळी आहे. त्याचा प्रत्येक बिंदू म्हणजे प्रकाश साठवणारी लहानशी घागर. जितका प्रकाश तितकी ती भरते, अगदी सरळ हिशेबात. काठोकाठ भरली की पुढचे सगळे वाहून जाते. भिंत, सायकल आणि फलक यांपैकी कोणत्या वस्तूचा उजेड अधिक होता याची नोंद राहत नाही, तिन्ही सारखेच पांढरे. त्या भागाला नंतर कितीही काळे करा, सपाट करडा रंग येईल, आकडा येणार नाही.

इथे थांबून डिजिटलची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे, कारण फिल्मप्रेमी मंडळी इथेच धागा सोडून टाळ्या वाजवू लागतात. जाणत्या छायाचित्रकाराने आजच्या चांगल्या कॅमेऱ्यावर रॉ फाइल घेतली असती आणि एक्स्पोजर शटरच्या उजेडाकडे पाहून ठेवले असते, तर फलकही मिळाला असता आणि आत सावलीत उभ्या माणसांच्या सदऱ्यांवरचे तेलाचे डागही. फिल्मवर सावलीत प्रकाश कमी पडला की तिथे काहीच उमटत नाही. डिजिटलमध्ये अंधारातून पुष्कळ काही वर काढता येते. म्हणून फिल्मवाले सावली सांभाळत आणि डिजिटलवाले उजेड सांभाळतात. भट्टीसमोरच्या अंधाऱ्या शेडमध्ये, जिथे आजोबांच्या काळी फ्लॅशशिवाय इलाज नव्हता, तिथे आजचा संवेदक हातात धरून काम करतो. फ्लॅश नसल्यामुळे माणसे दचकलेली दिसत नाहीत, आणि आगीचा उजेड आगीसारखा दिसतो.

प्रिंटचे म्हणाल तर मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. काकांची चांदीच्या कागदावरची प्रिंट, आणि त्याच निगेटिव्हचे स्कॅन करून पिग्मेंट शाईने जाड सुती कागदावर काढलेली दुसरी. हातभर अंतरावरून घरात कोणालाही फरक सांगता आला नाही. आजीला तर दुसरीच अधिक आवडली, कारण तीत आजोबांचा चेहरा उजळ आला होता. भिंगाखाली मात्र जग वेगळे. एकीत वाळूसारखे वेडेवाकडे कण, दुसरीत शाईच्या तुषारांची बारीक फवारणी. पहिलीतला काळा रंग कागदाच्या पोटात असल्यासारखा वाटतो, दुसरीतला कागदावर बसल्यासारखा. हा फरक खरा आहे, पण त्यावर शपथा घेण्याइतका मोठा आता उरलेला नाही, असे माझे मत.

रंगाचा प्रश्न याहून महत्त्वाचा. फिल्मवर कृष्णधवल म्हणजे कॅमेऱ्यात रोल भरतानाच घेतलेला निर्णय. तांबूस तापलेला लोखंडाचा तुकडा किती उजळ यावा, निळा डगला किती गडद यावा, हे फिल्मच्या जातीवर आणि भिंगापुढे लावलेल्या रंगीत काचेवर ठरे. एकदा ठरले की निगेटिव्हमध्ये कायम. बहुतेक डिजिटल कॅमेरे मुळात रंगीत टिपतात आणि कृष्णधवल नंतर टेबलावर घडते. तोच लोखंडाचा तुकडा एका सरकपट्टीने पांढरा होतो, दुसरीने काळा. गंमत म्हणजे १९७५ च्या डिसेंबरमध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी केलेला पहिला डिजिटल कॅमेरा शुद्ध कृष्णधवल होता: १०० बाय १०० बिंदू, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. रंगांची गाळणी काढून टाकलेला लायकाचा मोनोक्रोम कॅमेरा २०१२ मध्ये बाजारात आला. त्याच वर्षाच्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीसाठी अर्ज केला होता.

“फिल्म खोटे बोलत नाही” हे वाक्यही मी मान्य करणार नाही. स्टुडिओतले ‘टचिंग’ आठवा. निगेटिव्हवरच टोकदार पेन्सिल फिरवून देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्याखालची काळी वर्तुळे घालवली जात. काकांनी त्यांच्या टचिंगच्या पेन्सिली अजून जपून ठेवल्या आहेत. पण त्या पेन्सिलीची खूण निगेटिव्हवर राहते. तिरप्या उजेडात धरली की शिशाची चकाकी दिसते, आणि काय झाकले हे इतिहासकाराला शोधता येते.

कायद्यानेही या भेदाची दखल घेतली आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातल्या कलम ६२ चे एक स्पष्टीकरण मुद्दाम वाचण्यासारखे आहे. मुद्रण, शिळाछाप किंवा छायाचित्रण अशा एकाच प्रक्रियेने केलेल्या प्रतींपैकी प्रत्येक प्रत ही इतर प्रतींच्या मजकुराचा प्राथमिक पुरावा ठरते. परंतु त्या सर्व जर एखाद्या मूळ दस्तऐवजाच्या नकला असतील, तर त्या मुळाचा प्राथमिक पुरावा ठरत नाहीत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. तिथून १८ वर्षांत छायाचित्र कायद्याच्या भाषेत शिरले होते. संगणकीय नोंदींसाठी २००० मध्ये ६५ ब हे कलम जोडावे लागले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही नोंदवावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या आकड्यांवरून काढलेली एक ओळखखूण; एक बिंदू जरी बदलला तरी ती बदलते. म्हणजे डिजिटल प्रतिमेला निगेटिव्हसारखा देह नाही हे ओळखून कायद्याने तिच्यासाठी आकड्यांचा देह शोधला. अडचण एवढीच की हा हॅश न्यायालयात जाणाऱ्या फाइलचा काढला जातो. घरातल्या फाइलचा कोण काढतो?

आणि आता चाकण. माझा चुलतभाऊ २०१० मध्ये तिथल्या एका प्रेस शॉपमध्ये लागला. पहिल्या दिवशी मित्राने दाराशी उभे करून त्याचा फोटो काढला, दोन मेगापिक्सेलच्या मोबाइलवर. पुढच्या तीन-चार वर्षांतले सगळे, दसऱ्याची यंत्रपूजा, रात्रपाळीचा चहा, पहिला बोनस, एकाच मेमरी कार्डात होते. ते कार्ड एके दिवशी ‘फॉरमॅट करा’ म्हणू लागले आणि दादाने केले. निगेटिव्ह पेटीच्या तळाशी चाळीस वर्षे कोणाचे लक्ष नसताना टिकते. फाइलला मात्र कोणीतरी दर चार-पाच वर्षांनी नव्या घरात न्यावे लागते.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी या पट्ट्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चाकणच्या अनेक कारखान्यांत गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. सुटताना ते अखंड आहे का हे पाहतात. पिंपरीच्या काळी कामगाराकडे कॅमेराच नव्हता, पण स्टुडिओवाला बाहेरचा असे आणि त्याची निगेटिव्ह त्याच्याकडे राही. आज प्रत्येक खिशात कॅमेरा आहे आणि शॉप फ्लोअरचे चित्र फक्त कंपनीच्या सर्व्हरवर. टाटा समूहाने १९९१ मध्ये स्वतःचे अभिलेखागार स्थापन केले आणि ते आज पुण्यात आहे, पण अशी व्यवस्था किती उद्योगांची असते? सुटे भाग पुरवणाऱ्या लहान वर्कशॉपच्या वाट्याला अभिलेखपाल येत नाही.

फिल्म अमर आहे असे मात्र कोणी समजू नये. पुण्यातच, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म्स जळून गेल्या. आजोबांच्या काळातली फिल्म पेट घेणारी नव्हती, पण पावसाळ्यात तिला बुरशी लागते, बंद डब्यात व्हिनेगरसारखा वास सुटून ती आक्रसते. शिवाय तिच्यात चांदी असते. जुने एक्स-रे आणि निगेटिव्ह किलोवर विकत घेऊन त्यांतली चांदी काढणारा धंदा आपल्याकडे जुना आहे. काकांनी स्वतः २००८ च्या सुमारास दोन पोती निगेटिव्ह अशीच दिली. त्यांत भोसरीतले किती कारखाने होते, हे त्यांना आठवत नाही. मी पुन्हा विचारले नाही.

म्हणून या धाग्याच्या वाचकांना एक विनंती, विशेषतः ज्यांच्या घरात कोणी टेल्को, बजाज, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स किंवा एखाद्या लहान वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहे त्यांना. पेट्या उघडा. निगेटिव्ह सापडली तर कडेला धरा, बोटे मध्ये लावू नका, प्लॅस्टिकमध्ये न ठेवता कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर आधी लिहा, मग आत घाला. स्कॅन करताना उजळ भागासाठी एक आणि गडद भागासाठी एक अशी दोन स्कॅन घ्या. स्वयंचलित स्कॅन शटर पुन्हा पांढरे करून टाकते. आणि चाकणला काम करणाऱ्या ताई-दादांच्या मोबाइलमधले दहा फोटो निवडून त्यांच्या प्रिंट काढा.

दादाचा पहिल्या दिवसाचा फोटो अखेर एका मित्राच्या जुन्या चॅटमध्ये सापडला. आकुंचन पावत पावत ६४० बाय ४८० चा झालेला, तारीख पुसलेली. मी तो कृष्णधवल करून चार बाय सहाच्या कागदावर छापून आणला. मागे पेन्सिलीने त्याचे नाव लिहिले, ‘चाकण, २०१०’ लिहिले. दादा दारात उभा आहे, नवा निळा डगला, इस्त्रीच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. त्याच्या पाठीमागे उघडे शटर आहे आणि शटरच्या जागी पांढरा चौकोन. तिथे काय होते, हे त्याला विचारले. तो म्हणाला, “बहुतेक बोर्ड होता एक.”